ओवी, दृष्टान्त आणि रस



ओवी, अभंग, दृष्टान्त, रूपक, रस, बखर, कादंबरी हे शब्द आपल्या सर्वांच्या कानांवरून गेलेले आहेत. कुणी ते शाळेत पाठ केले, कुणी कीर्तनात ऐकले, कुणाच्या घरी ते रोजच्या बोलण्यातही असतात. पण 'साहित्यातल्या संज्ञा' असे भारदस्त नाव त्यांना दिले, की साधा माणूस जरा मागे सरकतो. 'ते विद्वानांचं काम, आपल्याला काय त्याचं?' असे म्हणून तो मोकळा होतो. शाळेतल्या मुलाला मात्र मागे सरकता येत नाही, कारण त्याच्यापुढे परीक्षा उभी असते. तो बिचारा व्याख्या पाठ करतो, उदाहरण पाठ करतो, गुण मिळवतो आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत सारे विसरून जातो. ज्या ग्रंथासाठी ही व्याख्या केली तो ग्रंथ मात्र त्याच्या घरी फडताळात, कापडात बांधलेला, तसाच राहतो.

हे नुकसान लहान नाही. आपल्या भाषेत सातशे वर्षांहून अधिक काळाचे वाङ्मय आहे. ते विकत घ्यावे लागत नाही, की परक्या भाषेतून उतरवून घ्यावे लागत नाही. वारसाने आलेल्या जमिनीसारखे ते आपले आहे. आणि तरीही गावातला माणूस आणि ते वाङ्मय यांच्यामध्ये हे दहावीस शब्द कुंपणासारखे उभे राहिले आहेत. ज्या शब्दांनी वाट दाखवायची त्यांनीच ती अडवावी, हे कसे झाले? याचे उत्तर शोधायचे तर हे शब्द कोठून आले, कोणी वापरले आणि कशासाठी वापरले, हे पाहावे लागेल. आज त्यांतल्या तीन शब्दांचा इतिहास मी सावकाश सांगणार आहे, आणि दोन शब्दांचा धावता.

पहिला शब्द ओवी.

इसवी सनाच्या बाराव्या शतकात, आज जे कर्नाटकातले बसवकल्याण आहे त्या कल्याणी नगरीत, चालुक्य घराण्यातला तिसरा सोमेश्वर नावाचा राजा राज्य करीत होता. या राजाला सगळ्या गोष्टींची हौस. हत्ती कसे पारखावेत, घोडे कसे शिकवावेत, पक्वान्ने कशी करावीत, गाणे कसे गावे, खेळ कोणते खेळावेत, असे नाना विषय घेऊन त्याने संस्कृतात एक प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. त्याचे नाव 'मानसोल्लास'. शके १०५१, म्हणजे इसवी सन ११२९ च्या सुमाराचा हा ग्रंथ. याचे पाच भाग, आणि प्रत्येक भागात वीस अध्याय. यातल्या गीतांच्या प्रकरणात राजाने एक नोंद केली आहे, आणि ती आपल्या दृष्टीने सोन्यासारखी आहे. महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, असे त्याने लिहून ठेवले आहे.

आता पाहा. ज्ञानेश्वरांच्या जन्माआधी सुमारे दीडशे वर्षांची ही नोंद. तोपर्यंत मराठीत कोणी मोठा ग्रंथ लिहिल्याचे आपल्याला माहीत नाही. पण ओवी होती. ती उखळाजवळ होती, मुसळाच्या घावाबरोबर चालत होती. जिने ती रचली तिला 'छंद' म्हणजे काय हे कुणी शिकवले नव्हते. मुसळ वर जाते, खाली येते. जात्याचा खुंटा एक वेढा पुरा करतो. तेवढ्या वेळात जेवढे शब्द मावतील तेवढे तिने मावविले. दाण्याची मूठ जात्यात टाकायची तर क्षणभर थांबावे लागते, तसा शब्दांनाही विसावा दिला. ओवी या शब्दाचे नाते 'ओवणे' या क्रियापदाशी आहे असे मानतात. फुले ओवतात तसे शब्द ओवायचे.

पुढे ग्रंथात आली ती ओवी अशी आहे: चार चरण, पहिल्या तीन चरणांच्या शेवटी यमक जुळते, चौथा चरण आखूड आणि त्याला यमक नाही. व्याख्या एवढीच. बायकांच्या ओवीचे आकार भागाभागांप्रमाणे बदलतात, कुठे दोन ओळी तर कुठे तीन. म्हणून शिक्षकांनी मुलांना ही व्याख्या सांगताना एक करून पाहावे. ग्रंथातली एखादी ओवी मोठ्याने म्हणावी आणि मुलांना चरणाचरणावर टाळी द्यायला सांगावे. तीन टाळ्या सारख्या पडतील, चौथी लवकर येईल. जिथे चौथी टाळी अचानक येते तिथे श्वास टेकतो, आणि वाक्याचा अर्थही बहुधा तिथेच टेकतो. ते मुलाच्या हाताला एकदा कळले की व्याख्या पाठ करावी लागणार नाही.

शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, प्रवरेकाठच्या नेवाशात ज्ञानेश्वरांनी गीतेवर टीका सांगितली. गीतेचे श्लोक सातशे. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे नऊ हजार. एवढा मोठा ग्रंथ सांगायला त्यांनी कोणता छंद निवडला? पंडितांच्या सभेत मान मिळेल अशी संस्कृत वृत्ते होती. ती बाजूला ठेवून त्यांनी हा घरातला, उखळाजवळचा छंद उचलला. समोर बसलेल्या माणसांना ज्याचे वळण जन्मापासून ठाऊक होते तोच छंद. ज्ञानेश्वरी वाचताना पाहा, जागोजाग श्रोत्यांना हाक आहे, त्यांना विनवणी आहे, त्यांचे कौतुक आहे. ती आधी कानांसाठी सांगितली गेली आणि मग पोथीत बसली. म्हणून ज्याला वाचून ती कठीण वाटते त्याने ती ऐकावी. निदान स्वतःच्या कानांना ऐकू येईल एवढ्या आवाजात वाचावी. शब्द जुने आहेत, हे खरे. पैठणच्या एकनाथांच्या काळीसुद्धा तीनशे वर्षांत पोथीत पाठभेद शिरले होते, आणि त्यांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ग्रंथ शुद्ध केला. एकनाथांना जे कष्ट पडले त्यामानाने आपले सोपे आहे. आपल्याकडे अर्थासह छापलेल्या प्रती आहेत.

ओवीसारखेच इतर प्रकारही घरातून आणि वाटेवरून ग्रंथात गेले. लग्नात गायच्या गाण्यांना धवळे म्हणत. महानुभाव पंथातल्या महदाइसेने रुक्मिणीच्या विवाहावर धवळे रचले आणि मराठीतली आद्य कवयित्री म्हणून तिचे नाव राहिले. अभंग टाळाबरोबर चालला, पंढरीच्या वाटेवर चालला. नामदेवांपासून तुकोबांपर्यंत तीनशे वर्षे तो चालतच होता. एकूण काय, या संज्ञा कोणी खोलीत बसून बनविल्या नाहीत. आधी काम होते, कामाबरोबर गाणे आले, आणि नाव सगळ्यांत शेवटी आले.

आता दुसरा शब्द, दृष्टान्त.

ज्ञानेश्वरांच्या थोडे आधी महानुभाव पंथाचे श्रीचक्रधर महाराष्ट्रात फिरत होते. ते गावोगावच्या माणसांशी बोलत आणि बोलताना गोष्टी सांगत. त्यांच्या पश्चात शिष्यांनी त्यांचे बोलणे आठवून आठवून गोळा केले. त्यांतल्या केशिराज ऊर्फ केसोबास या पंडित शिष्याने त्यांच्या गोष्टींचा एक ग्रंथ केला, त्याला 'दृष्टान्तपाठ' म्हणतात. यात एकशे चौदा दृष्टान्त आहेत. या ग्रंथाची मांडणी आजच्या शिक्षकाने मुद्दाम पाहण्यासारखी आहे. आधी सूत्र, म्हणजे चक्रधरांचे एक लहानसे वचन. मग दृष्टान्त, म्हणजे त्यांनी सांगितलेली गोष्ट. शेवटी दार्ष्टान्तिक, म्हणजे गोष्टीतली कोणती गोष्ट सूत्रातल्या कोणत्या गोष्टीला लागू पडते याचा उलगडा, हा केसोबासांचा. हत्ती चाचपणाऱ्या जन्मांधांची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. पाय हाताला लागला त्याला हत्ती खांबासारखा वाटला, कान लागला त्याला सुपासारखा. ती गोष्ट या ग्रंथात आहे. तेराव्या शतकातला माणूस ती ऐकून हसला असेल, आणि हसता हसता त्याला उमगले असेल की देवाविषयी भांडणारे आपण सारे असेच एकेक अवयव धरून बसलो आहोत.

याच केसोबासांची एक आठवण 'स्मृतिस्थळ' या ग्रंथात नोंदवलेली आहे. पंडितच तो, त्याला वाटले, संस्कृतात ग्रंथ करावा. त्याने पंथाचे प्रमुख नागदेवाचार्य यांना विचारले. आचार्यांनी त्याला अडवले. तू असे केलेस तर आमच्या स्वामींचा जो साधासुधा परिवार आहे तो नागवला जाईल, असे त्यांच्या बोलण्याचे तात्पर्य होते. 'नागवला जाईल' हे शब्द ध्यानात ठेवा. ज्ञान कठीण भाषेत कोंडणे म्हणजे गरिबाला लुबाडणे, ही समज आपल्याकडे सातशे वर्षांपूर्वीची आहे. आज आपण मुलांना दृष्टान्ताची व्याख्या देतो आणि दृष्टान्ताची गोष्ट देत नाही. तेव्हा कोण नागवला जातो, याचा विचार शिक्षक बंधुभगिनींनी करावा.

दृष्टान्ताच्या शेजारीच उपमा, उत्प्रेक्षा आणि रूपक ही मंडळी राहतात. मुलांचा सगळ्यांत जास्त गोंधळ होतो तो यांच्यात. यासाठी पुस्तक उघडायचेही कारण नाही. चैत्रातल्या दुपारी शेतकरी बांधावर उभा राहून काय बोलतो ते ऐकावे. एकजण म्हणतो, 'रान तव्यासारखं तापलंय.' ही उपमा. रान वेगळे, तवा वेगळा. दोघांत एक गुण सारखा आहे, आणि 'सारखं' या शब्दाने त्याने ते कबूल केले आहे. दुसरा म्हणतो, 'रान कसलं, जणू तवाच आहे.' ही उत्प्रेक्षा. रान ते रानच आहे हे त्यालाही माहीत आहे, पण मनाने एक झेप घेतली आहे. तिसरा म्हणतो, 'रानाचा तवा झालाय, त्यात आम्ही भाजतोय.' हे रूपक. आता रान आणि तवा वेगळे उरलेच नाहीत. तिघांनीही उन्हाची एकच गोष्ट सांगितली. पण पहिल्याने ती दुरून पाहिली, दुसरा जवळ गेला आणि तिसरा तिच्यात होरपळला. अलंकार म्हणजे दागिना हे खरेच, पण हा दागिना बोलणाऱ्याला किती चटका बसला आहे तेही दाखवतो. कविता वाचताना एवढे जरी लक्षात ठेवले, की कवी इथे 'सारखे' म्हणतो आहे, 'जणू' म्हणतो आहे, की सरळ 'आहे'च म्हणतो आहे, तरी त्याच्या मनाची अवस्था आपल्याला कळू लागते.

आता तिसरा शब्द, रस. हा सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत जास्त भीती घालणारा.

हा शब्द स्वयंपाकघरातून आला. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या नाट्यशास्त्र या ग्रंथात, जो भरतमुनींच्या नावावर आहे, रस म्हणजे काय असा प्रश्न विचारला आहे आणि उत्तर देताना जेवणाचे उदाहरण घेतले आहे. नाना मसाले, नाना वनस्पती, नाना पदार्थ एकत्र आले की त्यातून एक चव निपजते आणि जेवणारा संतोष पावतो. त्याचप्रमाणे नाना भाव एकत्र आले की रस निपजतो आणि पाहणारा संतोष पावतो. आमटीत मीठ आहे, चिंच आहे, गूळ आहे, फोडणी आहे. पण आमटीची चव यांतल्या एकाचीही नाही. ती सगळ्यांची मिळून झालेली आहे, आणि ती भांड्यात नसून जेवणाऱ्याच्या जिभेवर आहे. तसाच रस हा पुस्तकात बंद नसतो. तो ऐकणाऱ्याच्या मनात होतो. म्हणून आपल्या शास्त्रकारांनी ऐकणाऱ्यालाही एक सुंदर नाव दिले आहे, सहृदय. कवीच्या हृदयासारखे हृदय ज्याचे आहे तो. त्याची पदवी कोणी विचारलेली नाही.

याच नाट्यशास्त्राच्या आरंभी नाटकाच्या जन्माची कथा आहे. वेद ऐकण्याचा अधिकार ज्यांना नाही अशांनाही जो घेता येईल असा पाचवा वेद करावा, म्हणून ब्रह्मदेवाने नाट्य निर्माण केले, अशी ती कथा. कथेत त्या काळची विषमता उघड दिसते. पण रसाची ही सारी चर्चा ज्या कलेसाठी झाली ती सर्वांसाठी होती, हेही तितकेच उघड दिसते.

भरताने आठ रस सांगितले: शृंगार, हास्य, करुण, रौद्र, वीर, भयानक, बीभत्स आणि अद्भुत. पुढे त्यांत शांत हा नववा मिळाला. इसवी सन हजारच्या सुमारास काश्मिरात होऊन गेलेल्या अभिनवगुप्त या आचार्याने त्याचा जोरदार पुरस्कार केला. प्रत्येक रसाच्या मुळाशी मनातला एक टिकाऊ भाव असतो. करुणाच्या मुळाशी शोक, वीराच्या मुळाशी उत्साह, अद्भुताच्या मुळाशी विस्मय. इथे विद्यार्थी विचारतो, 'सर, शोक आणि करुण यांत फरक काय? दोन्ही रडणंच की!' प्रश्न चांगला आहे. घरात मृत्यू झाला तर जो होतो तो शोक. तो पुन्हा यावा असे कुणालाही वाटत नाही. पण गावात हरिश्चंद्राचे नाटक लागते. तारामती स्मशानात मुलाला घेऊन येते. सारे गाव पदर आणि उपरणी डोळ्यांना लावते. आणि दुसऱ्या गावी तेच नाटक असले तर तीच माणसे बैलगाडी जुंपून पुन्हा निघतात. कशाला? रडायला? त्या रडण्यात शोक शिजून त्याचा रस झालेला आहे. आपले दुःख आपल्यापुरते राहिलेले नाही, ते माणसामात्राचे झाले आहे, आणि म्हणून ते सोसवते, इतकेच नव्हे तर हवेसे वाटते. पानिपतच्या १७६१ च्या संहारात ज्यांची माणसे गेली त्यांना शोक झाला. 'भाऊसाहेबांची बखर' वाचताना आपल्याला होतो तो करुणाचा अनुभव.

आता एवढी सामग्री घेऊन ज्ञानेश्वरीच्या अकराव्या अध्यायाच्या दारात उभे राहू. या अध्यायात अर्जुनाला विश्वरूप दिसते. अध्याय सुरू करताना ज्ञानेश्वर श्रोत्यांना आधी सांगतात की या ठिकाणी दोन रस भेटणार आहेत. कसे सांगतात? शांताच्या घरी अद्भुत पाहुणा म्हणून आला आहे, असे ते म्हणतात. आणि घरी थोर पाहुणा आला की त्याच्या पंगतीला इतरांचाही मान होतो, तसा बाकीच्या रसांचाही झाला आहे. लग्न नवरानवरीचे, पण वऱ्हाडी मंडळींनाही लुगडी आणि दागिने मिळतात ना, तसे. मग या दोन रसांच्या भेटीला त्यांनी प्रयागाच्या संगमाची जोड दिली आहे. शांत आणि अद्भुत या दोन वाहत्या नद्या, आणि गीता ही त्यांच्यात गुप्त असलेली सरस्वती.

पाहा, साहित्यशास्त्रातल्या अवघड संज्ञा. पण एकीला पाहुणा केले, दुसरीला यजमान केले, उरलेल्यांना वऱ्हाडात बसवले! खेड्यातला कोणता माणूस हे समजणार नाही? आणि त्याच वेळी हेही खरे, की शांत म्हणजे काय आणि अद्भुत म्हणजे काय हे ज्याला अजिबात ठाऊक नाही त्याला हे लग्न दिसणारच नाही. तो ओव्या वाचून पुढे जाईल. ज्याला ठाऊक आहे तो मात्र अध्यायभर या पाहुण्याकडे लक्ष ठेवील. आधी अर्जुनाचा विस्मय; मग काळाच्या मुखात सैन्ये शिरताना पाहून भय; मग शरण येऊन क्षमा मागणे; आणि शेवटी नेहमीचे सौम्य कृष्णरूप परत पाहून त्याचा जीव निवतो, म्हणजे अद्भुत आला, भयानकाला बरोबर घेऊन आला, आणि घर शेवटी शांताचेच राहिले. संज्ञेचा उपयोग हा असा. ती चव वाढवत नाही. चव कुठे आहे तिकडे जीभ वळवते.

तिथेच ज्ञानेश्वरांनी आणखी एक गोष्ट सांगितली आहे. संस्कृताचे काठ उतरायला कठीण होते. ते फोडून श्रीगुरू निवृत्तिनाथांनी मराठी शब्दांच्या पायऱ्या बांधल्या, आता कोणीही यावे आणि भावाने या संगमात स्नान करावे, असा त्याचा आशय आहे. मला वाटते, साहित्यातल्या सगळ्या संज्ञांविषयी यापेक्षा नेमके बोलणे सापडणार नाही. त्या घाटाच्या पायऱ्या आहेत. पायऱ्या मोजून कोणी पावन होत नाही. पाण्यात उतरावे लागते. पण पायऱ्याच नसल्या तर म्हातारीकोतारी आणि लेकरे काठावरच राहतील.

हे झाले तीन शब्द. आता दोन शब्द धावते, कारण ते दुसरा एक उपयोग दाखवतात. पुस्तकाकडून काय मागावे आणि काय मागू नये, ते संज्ञा सांगते.

बखर हा शब्द अरबी 'खबर' या शब्दातली अक्षरे मागेपुढे होऊन आला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. बोलताना आपण 'नुकसान'चे 'नुसकान' करतो तसेच हे. खबर म्हणजे हकीकत. शिवछत्रपतींच्या पश्चात, सतराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात, दक्षिणेत जिंजीच्या किल्ल्यात राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून कृष्णाजी अनंत सभासद यांनी महाराजांचे चरित्र लिहिले, ती 'सभासदाची बखर'. मुलाने वडिलांची हकीकत विचारावी आणि दरबारातल्या जुन्या माणसाने ती सांगावी, असा तिचा जन्म आहे. म्हणून तिच्यातल्या तिथी आणि आकडे इतर कागदपत्रांशी ताडून पाहिल्याशिवाय घेऊ नयेत. पण तिचे ठसकेबाज गद्य, छोटी वाक्ये, प्रसंग डोळ्यांपुढे उभा करण्याची हातोटी ही तिच्याकडून पोटभर घ्यावी. बखरीकडे दप्तर मागितले तर ती खोटी वाटते, आणि तिला निव्वळ गोष्ट समजले तर आपण फसतो. तिचे नाव नीट कळले म्हणजे दोन्ही चुका टळतात.

कादंबरीची कथा तर गमतीची आहे. सातव्या शतकात हर्षवर्धनाच्या पदरी बाणभट्ट नावाचा कवी होता. त्याने संस्कृत गद्यात एक कथा लिहिली. तिच्या नायिकेचे नाव कादंबरी, आणि तेच ग्रंथाचे नाव. ग्रंथ पुरा होण्याआधी बाण वारला, आणि त्याच्या मुलाने तो पुरा केला. पुढे मराठीत आणि कानडीत त्या एका नायिकेचे नाव साऱ्या जातीला मिळाले. बंगाली आणि हिंदी माणूस उपन्यास म्हणतो, गुजराती माणूस नवलकथा म्हणतो, आपण कादंबरी म्हणतो. बाबा पद्मनजी यांचे 'यमुनापर्यटन' १८५७ सालचे. विधवांच्या दुःखाची ती कहाणी मराठीतली पहिली कादंबरी म्हणून सांगतात. त्यानंतर काही वर्षे कादंबरी म्हणजे राजपुत्र, राजकन्या आणि अचाट योगायोग असेच समीकरण होते. १८६१ ची 'मुक्तामाला' त्या वळणाची. १८९० साली हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' हे पत्र काढले आणि त्यात 'पण लक्षात कोण घेतो?' क्रमशः छापली. पुण्यातल्या एका मध्यमवर्गीय घरातली यमू स्वतःच्या तोंडाने स्वतःचे आयुष्य सांगते. नाव तेच राहिले, कादंबरी. पण गंधर्वलोकातली राजकन्या जाऊन वाड्यातल्या माजघरातली मुलगी तिथे आली. एका शब्दाच्या पोटात बाराशे वर्षांचा प्रवास आहे.

आता शेवटचे सांगतो, आणि ते शिक्षकांना व घरच्या वडीलधाऱ्यांना मिळून सांगतो.

गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाती कोपऱ्यात गेली. बायकांचे कष्ट वाचले, हे फार चांगले झाले. त्याविषयी हळहळ नको. पण जात्याबरोबर ओवीही मुकी झाली. हेमा राईरकर आणि गी पॉतवँ या अभ्यासकांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. एक लाख! आणि त्या रचणाऱ्या बायकांपैकी फार थोड्यांना लिहिता येत होते. अशा बाया अजून आपल्या गावात आहेत, पण दरवर्षी कमी होत आहेत. एकाच घरात ओटीवर नातू 'ओवी म्हणजे चार चरणांचा छंद' असे घोकत बसलेला असतो, आणि आत आजीच्या गळ्यात शंभर ओव्या असतात. दोघांची गाठ पडत नाही. नातवाला वाटते, आजी अडाणी. आजीला वाटते, पोरगं काहीतरी मोठं शिकतंय.

ही गाठ घालून देणे हे आपले काम. त्याला पैसा लागत नाही. गुरुजींनी धड्याच्या आदल्या दिवशी मुलांना सांगावे, 'घरी जा, आजीला, आत्याला, शेजारच्या मावशीला विचारा, आणि एक तरी ओवी वहीत उतरवून आणा. खाली तिचं नाव लिहा, गावाचं नाव लिहा.' दुसऱ्या दिवशी त्या वर्गात मोठ्याने म्हणाव्यात, चरण मोजावेत, यमक कुठे आहे ते पाहावे, आणि मग फळ्यावर लिहावे: ओवी. त्यानंतर ज्ञानेश्वरीतल्या चार ओव्या म्हणाव्यात. एखादी उपमा आली तर मुलांना विचारावे, असे आपल्या गावात कोण बोलते? आधी कान, मग चव, मग नाव, हा क्रम. नावापासून सुरुवात करू नये.

आणि ज्यांची शाळा केव्हाच सुटली आहे त्यांनी रोज संध्याकाळी दिवा लागल्यावर पाच ओव्या मोठ्याने वाचाव्यात, नाहीतर घरातल्या शिकत्या मुलाकडून वाचवून घ्याव्यात. सगळ्या कळल्या नाहीत तरी चालेल. पाचातल्या दोन कळतील. पुढच्या वर्षी त्याच पाचातल्या तीन कळतील. फडताळातली पोथी एकदा कापडातून बाहेर निघाली पाहिजे.